निम्मी आई

एकदा एका गृहिणीला, संसार मार्गी लागल्यावर, चित्रकलेचा नाद लागला. गावातल्या एका वृद्ध चित्रकाराकडे ती शिकायला जाऊ लागली. रोज देवपूजा आटोपली की मगच ती कुंचला हाती घेई.

तिच्या धाकट्या बहिणीचे डोहाळजेवण जवळ आले होते. बहीण रांगत होती तेव्हाच आई गेली. भिंतीवर आईचा एक स्टुडिओतला फोटो होता. बहीण म्हणायची, "ताई, फोटोला नमस्कार होतो गं, पण बोलावंसं वाटत नाही." म्हणून ताईने ठरवले, ओटीबरोबर तिला आईचे चित्र द्यायचे.

फोटोवर चौकटी आखून तिने चित्र उतरवले. पण नुसते उतरवून मन भरेना. गौरीला सजवतो तसे तिने आईला भरजरी शालू नेसवला, नथ घातली, थोडे वाकडे नाकही सरळ केले.

गुरुजींनी चित्र पाहून हात जोडले. "देवी प्रसन्न आहे हो! पण आई कुठे आहे?"

"काहीतरीच काय, गुरुजी! आईच आहे ती."

"घरात आणखी फोटो असतील ना? ते आण."

तिने ओशाळत डबा आणला. "हे सगळे वाया गेलेले आहेत."

त्यातून गुरुजींनी बहिणीच्या बारशाचा फोटो निवडला. मग एका जुन्या लग्नपत्रिकेत ब्लेडने लहानशी खिडकी कापली आणि ती फोटोवरून सावकाश फिरवू लागले. नटूनथटून पाळण्याभोवती उभ्या आत्या, माम्या, काकू एकेक करून झाकल्या गेल्या. खिडकी थांबली ती अगदी कडेला. तिथे साध्या पातळातली आई होती, हातात पाळण्याची दोरी.

"हे काढ," गुरुजी म्हणाले.

"अहो, हिचं निम्मं तोंड कापलं गेलंय! बहिणीला काय निम्मी आई देऊ?"

गुरुजी हसले. "पोरी, स्टुडिओत तुझ्या आईला कुणीतरी सांगितलं, हलू नका, इकडे बघा. तिने बिचारीने ऐकलं. बारशालाही सगळ्यांना तसंच सांगितलं असणार. बघ, साऱ्याजणी समोर बघताहेत. एकटीने ऐकलं नाही. देवाला सजवावं, त्यात आपलं मन निवतं. पण आपलं माणूस सजवत बसलो, की ते ओळखायचंच राहून जातं. तुझी आई ह्या निम्म्या तोंडात पुरी आहे."

ती कितीतरी वेळ फोटोकडे पाहत राहिली. मग घरी जाऊन तिने तेवढीच खिडकी रंगवली. नाक होते तसेच ठेवले. पाळणा चित्रात आलाच नाही.

डोहाळजेवणाच्या दिवशी ओटी भरून झाल्यावर तिने चित्र बहिणीच्या हाती दिले. भोवती बायकांची थट्टामस्करी चालली होती. बहिणीला मात्र त्यातले काही ऐकू येईना.

"ताई, आई एवढं कुणाकडे बघतेय गं?"

"तुझ्याकडे."

बहिणीने चित्र जवळ ओढून घेतले आणि हळूच हाक मारली, "आई..."