कासवामागचा प्लाय

"घेऊ की नको, एवढंच सांगा बाबा. प्रवचन नको."

भिवाबाबा कॅरव्हॅनच्या आतल्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत राहिले.

बाबा काही संतबिंत नाहीत. कराडला ट्रकच्या बॉड्या बांधायचे. बायको गेल्यावर धंदा पोराच्या गळ्यात मारला आणि घाटाखालच्या या मठात येऊन बसले. हे मी त्यांना तोंडावर बोललोय.

"खरंय," एवढंच म्हणाले होते. म्हणून तर त्यांच्याकडे आलो. बाकीचे म्हातारे लगेच आपलं वय सांगायला लागतात.

गाडी शेडगेकाकांची. तीन वर्षं भाड्याने फिरवली, आता विकायला काढलेली. आत पलंग, शेगडी, बेसिन. काका बाहेर पारावर चहा पीत बसले होते. हो की नाही ते आजच सांगायचं होतं. घरी मी जाहीर करून टाकलं होतं, कॉलेज सोडलं तसं घरही सोडतोय. गाडीत राहणार.

"वडील काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"भाड्याची गाडी म्हणजे शंभर जणांनी ओरबाडलेली, म्हणाले. त्यांनी बोलावं! त्यांच्या पिढीने काय सोडलं ओरबाडायचं? नदी बघा, डोंगर बघा. आणि एक म्हातारा पुढे येऊन म्हणत नाही, की हे मी केलं. एक!"

"हं..."

टक. टक.

"आवाज चांगलाय. प्लाय कोरडाय."

"सांगत होतो ना. माझ्या माहितीतली गाडी आहे."

"ती कशी?"

"मागच्या श्रावणात आम्ही चौघांनी नेली होती. गुहागरला. चार दिवस."

टक. टक. बाबा पलंगाच्या उशाशी आले. तिथे मी भिंतीला टेकून उभा होतो.

"सरक जरा."

"इथे ठीक आहे, बाबा."

"मग सरक की."

मी हललो नाही...

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "लेका, गाडी घेणार तू. बघायला मला बोलावलंस तू. मग लपवतोस कुणापासून?"

मी सरकलो.

भिंतीवर कासवाचं स्टिकर होतं. गुहागरच्या बाजारातलं. बाबांनी त्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. चहात जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटासारखा झाला होता प्लाय.

बाबांनी मान वर केली. तिथे बरोबर वर छताची खिडकी.

"भर पावसात उघडी टाकलीय कुणीतरी."

कानशिलं तापली माझी. गाडी परत केली त्या दिवशी काकांनी आत डोकावूनही पाहिलं नव्हतं. 'पोरं चांगली आहात,' म्हणत अनामत परत दिली. मी ती घेतली. वर म्हणालो, 'काका, आत एक कासव ठेवलंय, आमच्याकडून भेट.' बाकीचे तिघे हसू दाबत होते. काकांनी मला थँक्यू म्हटलं.

बाबांनी अंगठा धोतराला पुसला.

"भाव पाडायला झकास आहे. बोलाव शेडग्यांना. दाखव त्यांना. म्हण, गाडी कुजलीय, निम्म्यात द्या."

"नाही जमणार."

"का? म्हाताऱ्यांना सोडत नाहीस ना तू?"

बाहेरून काकांची हाक आली. "काय रे हर्षल, पडली का पसंत?"

मी कासवाकडे बघत राहिलो.

"हे मी केलं, बाबा. कासव चिकटवलंही मीच. त्यांना नाही सांगता येणार मला. घेऊ तरी कशी आता ही?"

बाबा पायरी उतरले. चपला शोधल्या, एकेक करून घातल्या.

"लेका, कासव लावलंस त्याच दिवशी तुझी झाली ती. आता किल्ली तेवढी मागून आण."