अभ्रकाच्या पेटीतल्या मुंग्या

फार पूर्वी अश्मक देशात, गोदेच्या काठच्या एका नगरात दीर्घबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व अमात्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमरक्षित. वयात आल्यावर राजकोठाराचा कारभार त्याच्याकडे आला.

दीर्घबाहूला शत्रूची भीती नव्हती. त्याला भीती होती ती आपल्याच प्रजेच्या भुकेची. पाऊस ओढ देई त्या वर्षी कोठारातले हमाल कमरेच्या फडक्यात मूठभर राळ्याचे धान्य बांधून घरी नेत. फटके मारून झाले, डागण्या देऊन झाल्या, तरी मूठ जातच राहिली. "हमालाला घर आहे तोवर माझ्या कोठाराला भोक आहे," असे राजा म्हणे. कोठार आढ्यापर्यंत भरलेले आणि वेशीबाहेर पोरे गवताच्या मुळ्या चघळताहेत, हे भोक मात्र त्याला कधी दिसले नाही.

दरबारात पिंगळक नावाचा एक मुंग्या पाळणारा होता. शिसवी चौकटीत अभ्रकाचे दोन पातळ पत्रे बसवून त्याने मधल्या फटीत माती भरली होती आणि तीत दाणे वाहणाऱ्या काळ्या मुंग्या वसवल्या होत्या. अभ्रकातून त्यांचे बोळ दिसत, दाण्यांनी भरलेल्या खोल्या दिसत. दरबारी लोक वरून राळा टाकत. मुंग्या तो उचलत, सोलत, मोड येऊ नये म्हणून त्याचा कोंब कुरतडत आणि रचून ठेवत. टरफले एका कोपऱ्यात जात. राजा तासन् तास पाहत बसे.

एकदा त्याने विचारले, "पिंगळका, ही पेटी कधी ओस कशी पडत नाही? यांची आई फार दमाची दिसते."

पिंगळक हसला. "आई कुठली, महाराज? ती पेटीत आणली त्याच पावसाळ्यात मेली. या सगळ्या उचललेल्या. करंजखोऱ्याच्या माळावरची बिळे उकरतो आणि तिथले कोश आणून इथे ठेवतो. वाढलेली मुंगी आणली तर आतल्या तिचे तुकडे करतात. पण कोश फोडून जी इथेच बाहेर येते, तिला या पेटीचा वास तोच घरचा वास. अंग वाळले की लागते दाणे वाहायला."

"आणि बाहेर पळत नाही?"

"कुणाकडे पळेल, महाराज?"

राजाने बोटाने अभ्रकावर टिचकी मारली. मग म्हणाला, "हे माणसालाही लागू पडेल."

त्याच बैठकीत हुकूम ठरला. करंजखोऱ्यातली अंगावर पिणारी सगळी मुले उचलून कोठाराच्या आवारात आणायची. दायांनी ती वाढवायची. त्यांना घर नसेल, म्हणून चोरी नसेल. दरबाराने माना डोलावल्या. मान डोलावण्यासाठीच तो दरबार पोसलेला होता.

सोमरक्षित उभा राहिला. "महाराज, मुंगीचा कोश बोलत नाही, म्हणून तो उचलताना पाप वाटले नाही. ही तर माणसाची लेकरे."

"अमात्यांना मुंग्यांचाही पुळका आला वाटते," पिंगळक म्हणाला. "आपण पैज लावू. या पेटीतल्या मुंग्या ज्या बिळातून आल्या त्याच बिळावर नेऊन सोडू. रक्ताने रक्त ओळखले, तर महाराजांनी हुकूम मागे घ्यावा. नाही ओळखले, तर गाड्या घेऊन अमात्यांनीच करंजखोऱ्यात जावे. कबूल?"

राजाला गंमत वाटली. त्याने मान हलवली. सोमरक्षितापाशी दुसरा उपाय नव्हता. शिवाय घर आपल्या माणसाला ओळखते, असे त्याला मनापासून वाटत होते. त्याने पैज मान्य केली.

उन्हे चढल्यावर सगळे माळावर गेले. कुसळी गवत वाळून पिवळे पडले होते. बिळाच्या तोंडाभोवती टरफलांचे कडे पडले होते आणि त्यातून मुंग्यांची रांग ये-जा करीत होती. पिंगळकाने पेटीचे झाकण सरकवले.

पहिली मुंगी बाहेर आली. तिच्या तोंडात राळ्याचा दाणा होता. कड्यापाशी ती थांबली. बिळातल्या एकीने तिला मिशांनी चाचपले, मग दुसरीने. सोमरक्षित पुढे वाकून पाहू लागला. मग एकीने तिचा पाय धरला आणि दुसरीने कंबर. तिचे दोन तुकडे झाले, तरी तोंडातला दाणा सुटला नाही. मागून येणाऱ्या साऱ्या मुंग्यांची तीच गत झाली. सख्ख्या बहिणींनी त्यांना परके म्हणून फाडले.

गवत कापायला आलेली एक बाई कडेवरची मुलगी सावरीत जवळ येऊन उभी राहिली. तिचे नाव सामा. "अगं बाई!" ती म्हणाली. "मुंग्यांना पीठ घालावं, धनी. त्यांची झुंज कसली लावता?" तिच्या मुलीने राजाच्या मोत्याच्या कंठ्याकडे हात केला. राजाला हसू आले. सोमरक्षिताने मान खाली घातली.

"हरलात, अमात्य," राजा म्हणाला.

"हरलो. पण महाराजांनी पाहिले ना? एकदा उचललेले परत जात नाही."

"पाहिले. मला तेच तर हवे आहे."



अश्मक देशात एक जुनी रीत होती. गावाला लागू होणारा राजाचा हुकूम आदल्या दिवशी डफ वाजवून त्या गावात वाचायचा. गैरसोयीचे हुकूम न वाचण्याची सवय दीर्घबाहूच्या कारभाऱ्यांनी केव्हाच लावून घेतली होती. सोमरक्षिताने डफ आणवला, करंजखोऱ्याच्या चावडीसमोर उभे राहून हुकूम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला आणि म्हणाला, "गाड्या घेऊन मी येणार आहे. मी तसा शब्द दिला आहे."

कुणी रडले नाही. सामाने मुलीला छातीशी धरले. "कधी येणार?"

"उद्या, सूर्य उगवल्यावर."

"आणि आम्ही इथं नसलो तर?"

"तर मला इथे कुणी सापडणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो ठरल्या वेळी आला. चुली थंड होत्या. तो रिकाम्या गाड्या घेऊन परतला.

"तू त्यांना पळवलेस," राजा म्हणाला.

"होय, महाराज."

"मग माझे दाणे कोण वाहणार?"

"मी वाहीन."

राजाने ते शब्द थट्टेवारी नेले नाहीत. त्याचे घर जप्त झाले. त्याला कोठारात ढकलून दार बाहेरून लावून घेतले. तिथे पोती वाहता वाहता तो म्हातारा झाला आणि तिथेच मेला.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. करंजखोऱ्याची माणसे डोंगरापलीकडे कंदमुळांवर जगली. सगळी जगली नाहीत. सामाची मुलगीही गेली. ती आईच्या मांडीवर गेली.

भिक्षूंना ही जन्मकथा सांगणारे शास्ता इथवर येऊन थांबले, तेव्हा एका भिक्षूने विचारले, "भन्ते, मग अमात्याने वाचवले काय? कोठारात नेली असती तर ती मुलगी दोन घास खाऊन जगली असती."

शास्ता म्हणाले, "भिक्षू, त्या कोठारात धान्य होते. ते धान्य तिला आईच्या मांडीवरही देता आले असते. ती का मेली, हे ज्याने कोठार बंद ठेवले त्याला विचार. ज्याने तिला चोरून आणायचे नाकारले त्याला विचारू नकोस. तेव्हाही हा प्रश्न तूच विचारला असतास, कारण तेव्हाचा पिंगळक तूच होतास. दीर्घबाहू तो आज श्रावस्तीचा कोठारप्रमुख आहे. काल त्याच्या दारातून तुम्ही सारे रिकामी पात्रे घेऊन परतलात. सामा ती त्या शेजारच्या झोपडीतली म्हातारी, जिने आपली अर्धी भाकरी तुमच्या पात्रात घातली. आणि सोमरक्षित तो मीच होतो."

पैज हरल्यावरही जी हटत नाही आणि फळ हाती लागले नाही म्हणून पस्तावत नाही, ती करुणा. त्या जन्मी बोधिसत्त्वाने ती पूर्ण केली.