सगुणाची हाळी

करंबे बंदराला अजून गिरण्यांच्या चिमण्या फुटल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. खाडीत गलबतं यायची, मीठ आणि सुकी मासळी भरून जायची, एवढाच काय तो व्यापार. मग कुणा शेटजीला तिथे कापडाची गिरणी काढायची लहर आली आणि तिच्यासाठी बोटीतून बॉयलर आला. घराएवढं लोखंडी नळकांडं! ते पाहायला आलेल्यांची तोंडं दिवसभर उघडीच राहिली, असं म्हणतात.

बॉयलर वाशांना बांधून, खांद्यावर घेऊन ओहोटीच्या चिखलातून आणायचा होता. करंब्यात ओझं उचलायची रीत अशी, की एकीने हाळी गायची आणि गड्यांनी तिच्या आवाजावर चालायचं. गाणं सुरू तोवर ओझं खांद्यावर, गाणं थांबलं की ओझं जमिनीवर. मान वळवून बघायचं नाही, काही विचारायचं नाही. त्या दिवशी, माघातल्या अमावस्येला, हाळी गात होती सगुणा, आणि तिचा नवरा हिरू मधल्या वाशाखाली होता.

काठावर हिरूची आई पोशीबाय उभी होती. बॉयलर निम्म्या वाटेवर आला आणि तिच्या डोळ्यांदेखत हिरू घसरून त्याच्याखाली पडला, मांडीपर्यंत चिखलात रुतला. दोघांनी ओढला तरी निघेना, आणि बाकीच्यांचेही पाय रुतल्याने बॉयलर पुढे सरकेना. पोशीबायच्या तोंडचं पाणी पळालं. पण खरा धक्का पुढेच होता. सगुणाने ते पाहिलं, आणि ती गातच राहिली!

नवरा मरणाच्या दारात आणि ही गाते? बाई आहे की दगड? पोशीबाय चिखल तुडवत धावली. "अगो सटवे, माजा पोर खाली हाय नि तू गातंस?" असं ओरडून तिने सुनेच्या तोंडावर हात दाबला.

हाळी तुटली. सगळे खांदे एकदम वाकले. बॉयलर वीतभर खाली आला आणि खालून हिरूची किंकाळी आली.

पोशीबाय जागच्या जागी थिजली. आपण आत्ता काय करत होतो, हे कळलं आणि तिने सुनेच्या तोंडावरचा हात काढला. सगुणाला श्वास घेता येईना, तेव्हा म्हातारीनेच फाटक्या आवाजात ती ओळ उचलली. खांदे पुन्हा ताठ झाले. मग सासू आणि सून मिळून गात राहिल्या.

ओहोटी सरली, भरती आली, तरी त्या थांबल्या नाहीत. पाणी छातीला लागलं, चिखल सैल झाला आणि तो पोकळ बॉयलर ओंडक्यासारखा आपसूक तरंगला, असं म्हणतात. हिरू जिवंत निघाला. त्याला काठावर उभं पाहिलं, तेव्हाच सगुणाने तोंड मिटलं. पुन्हा तिच्या गळ्यातून आवाज म्हणून फुटला नाही.

पुढे गिरणी उभी राहिली. त्या बॉयलरच्या वाफेवर पहिला भोंगा वाजला आणि सगळं बंदर जिथल्या तिथे खिळलं. भोंग्यातून सगुणाची हाळी येत होती, असं म्हणतात. सगुणा अंगणात मासळी वाळत घालत होती, ती मान वर करून ऐकत राहिली. पोशीबाय मात्र घरात पळाली आणि आपला उजवा हात पदराखाली लपवून बसली.

आज करंबे मोठं शहर आहे. गिरण्या गेल्या, तेलाच्या टाक्या आल्या, धक्क्यावर क्रेन आल्या. तरी माघातल्या अमावस्येला, ओहोटी लागली की क्रेन एक कंटेनर अधांतरी धरून ठेवते, आणि भरती येईपर्यंत बंदरावरच्या सासवा-सुना मिळून गातात. त्यांचं गाणं संपल्याशिवाय तो खाली उतरत नाही. एरवीही कुणाची सून चुलीपाशी कितीही बेसूर गात असली, तरी करंब्यात तिला कुणी गप्प बस म्हणत नाही.