गोदूचा वाट चुकलेला दात

टेकडीच्या पायथ्याशी एक बाग होती. लाल, पिवळ्या, जांभळ्या फुलांनी नुसती बहरून गेलेली! त्या बागेत गोदूची आई खुरपणीचं काम करायची. घर एका खोलीचं, गोदूचा फ्रॉक एकच आणि तोही आतेबहिणीचा जुना. पण आठ वर्षांच्या गोदूचं खरं दुःख फ्रॉकचं नव्हतं. ते होतं दाताचं.

समोरच्या दोन दातांपैकी एकच आला होता. दुसऱ्याच्या जागी भलताच एक चिमुकला, टोकदार दात येऊन बसला होता, लग्नाच्या पंगतीत दुसऱ्याच्या पाटावर बसावं तसा! मुलं हसायची. शेजारच्या काशीमावशी मात्र म्हणायच्या, "जादा दात भाग्याचा असतो गं, काढू नका!" आता ते भाग्य कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. भाकरीचा घास तोडताना गोदूच्या डोळ्यांत पाणी यायचं, तेवढं खरं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दातांचा फोटो काढून दाखवला. "हा बघ तुझा खरा दात. वर हिरडीत अडकलाय, कारण जादा दाताने त्याची वाट अडवलीय. हा काढला तर तो खाली येईल. नाहीतर बिचारा आतच राहील. उद्या सकाळी या हं."

गोदू घाबरून आईच्या पदराआड लपली.

संध्याकाळी आई झेंडूच्या वाफ्यात विरळणी करत होती. दाटीने उगवलेली जादा रोपं उपटून टाकायची, म्हणजे उरलेली जोमाने वाढतात. टाकलेली रोपं गोदू रोज गोळा करायची आणि कुंपणापाशी लावायची. त्या दिवशीही मुसमुसत तिने शेवटचं रोप मातीत खोचलं, ओंजळभर पाणी घातलं, आणि काय सांगू! इवल्याशा पानावर एक परी उभी! अंगठ्याएवढी, चतुराच्या पंखांची, निळी-सोनेरी.

"माझ्या रोपांना रोज घर देतेस ना? मग माग काहीतरी," परी म्हणाली. "पण नियम आहेत हं. एकच मागायचं. मागितलं की बदलायचं नाही. आणि माणसांच्या हातून होतं ते काम मला सांगायचं नाही."

"म्हणजे दात तू नाही काढणार?"

"नाही गं राणी. ते डॉक्टरीणबाईंना छान येतं. पण तुझी भीती मी चुटकीसरशी पळवीन. मागतेस?"

गोदू 'हो' म्हणणारच होती. पण आधी तिने विचारलं, "परीताई, काढलेल्या दाताचं काय करतात?"

"टाकून देतात."

गोदूला फार वाईट वाटलं. "त्याने मुद्दाम थोडंच केलंय? वाट चुकला असेल. माझी भीती राहू दे. त्याला कुठेतरी जागा दे."

परी पानाच्या टोकापर्यंत पुढे आली. "दिली," ती हळूच म्हणाली. "उद्या त्याला इथे आण."

दुसऱ्या दिवशी गोदू भीतभीतच दवाखान्यातल्या खुर्चीत बसली. आईचा हात तिने घट्ट धरला होता. सुई मुंगीसारखी चावली, मग ओठ बधिर झाला. हिरडीला छोटीशी चीर, थोडा दाब, दोन टाके. "झालंसुद्धा!" म्हणत डॉक्टरीणबाईंनी दात धुऊन डबीत दिला. वाटेत काशीमावशी भेटल्या. "घालवलंस भाग्य?" त्या म्हणाल्या. गोदूच्या तोंडात कापूस होता, म्हणून त्या वाचल्या!

संध्याकाळी तिने दात कुंपणापाशी पुरला. परीने मातीला बोट लावलं आणि हिरवा कोंब वर आला. थंडी पडली तेव्हा तिथे कुंदाचं झाड उभं होतं, शुभ्र, टोकदार कळ्यांनी लगडलेलं! बागेच्या मालकीणबाई म्हणाल्या, "ही फुलं गोदूचीच." आई गजरे करून विकू लागली. घरात दूध आलं, गोदूला नवा फ्रॉक आला.

दात मात्र यायचं नाव घेईना. गोदू रोज आरशात बघायची आणि हिरमुसायची. माझा दात हरवला की काय, असं तिला वाटू लागलं.

एका सकाळी कुंदाखाली फुलं वेचताना तिच्या जिभेला काहीतरी टोचलं. समोरच्या कळीवर परी बसली होती.

"आ कर बघू," परी म्हणाली. तिने वाकून पाहिलं आणि टाळ्या पिटल्या. "अगं, आलाय की! तांदळाच्या दाण्याएवढा दिसतोय!"

तिच्या पंखांतून लख्ख पांढरा उजेड फुटला, कळ्याकळ्यांवरून सांडला, आणि त्या उजेडातच परी दिसेनाशी झाली.

गोदू वाफे ओलांडत धावत सुटली. "आई! आई गं! माझा दात आला! अगदी स्वतःच्या जागेवर आला!"