गाडीची पंगत

एका गावात एक भोळा सासरा होता. त्याचं नाव सखोबा. भोळा तो जन्मापासूनच होता, सासरा नुकताच झाला होता.

सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. चुकलं की बायको शिकवायची, आणि ती शिकवण तो कधी विसरायचा नाही. सगळी पंचाईत तिथंच होती. सखोबा विसराळू असता, तर गोदाबाईचा संसार सुखाचा झाला असता.

लग्न झाल्यापासून त्यांची लेक रेवती माहेरी आली नव्हती. आता धोंड्याचा महिना लागला. या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, त्याला अनारशांचं वाण द्यायचं. गोदाबाईनं शहरातल्या विहीणबाईंना फोन लावला.

"आमच्या धनंजयची गाडी विजेवर चालते," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्या घरी ती चार्ज करायची सोय असेल तर पाठवते. नाहीतर नाही. आणि दिवेलागणीच्या आत दोघं परत निघाली पाहिजेत."

गोदाबाईनं फोन ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "आवं, काय वाट्टंल ते करा, पण माझी लेक घरी आली पायजे."

सखोबा लगेच बारकू वायरमनला घेऊन आला.

"नाना, आधी आर्थिंग," बारकू म्हणाला. "एक खड्डा खणा, त्यात मीठ-कोळसा घाला, वरनं पाणी सोडा. मग म्होरचं बघू."

खड्डा कुठं खणायचा ते बारकू बोलला नाही. सखोबानं विचार केला, गाडी दारात येणार, तर खड्डाही दारातच हवा. त्यानं उंबऱ्यासमोर हातभर खोल खड्डा खणला, त्यात घरातलं सगळं मीठ ओतलं, कोळसा ओतला, पाणी सोडलं. गोदाबाई दुधाची किटली घेऊन आली आणि गुडघ्यापर्यंत आत गेली.

"आवं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात करत्यात का असलं काम? कुणाचा हातपाय लागणार न्हाई अशा जागी करावं!"

"खरं हाय," सखोबा म्हणाला. "पुढच्या येळेला ध्यानात ठेवतो."

खड्डा बुजला, परसात दुसरा झाला. मग बारकू मोठ्या प्लगचा बोर्ड घेऊन आला. गोदाबाई अनारशांचे तांदूळ कुटायला शेजारी गेली होती.

"नाना, कुठं बसवू?"

"कुणाचा हातपाय लागणार न्हाई अशा जागी," सखोबा म्हणाला, आणि त्यानं पत्र्याखालच्या आढ्याकडं बोट केलं. बारकू हुकमाचा ताबेदार. त्यानं शिडी लावली आणि दिला बसवून.

गोदाबाई परत आली आणि वर बघतच राहिली. "गाडी काय भिंतीवर चढून बसणार हाय व्हय?"

बारकूनं बोर्ड खाली आणला, ओसरीवर हाताशी बसवला. जाता जाता तो म्हणाला, "नाना, एवढं ध्यानात ठेवा. विजेवर चालणाऱ्या वस्तूला पाण्याचा थेंब लागू द्यायचा न्हाई. कोरड्या फडक्यानं पुसायचं."

"ठेवलं," सखोबा म्हणाला.

त्या लाईनीवर गाडीशिवाय दुसरं काही लावायचं नाही, हे बारकूनं गोदाबाईला सांगितलं. सखोबाला सांगायचं राहून गेलं.

ठरल्या दिवशी सकाळीच गाडी आली. आवाज नाही, धूर नाही. रेवती उतरली आणि आईच्या गळ्यात पडली. दोघी एवढ्या रडल्या, की जावई दारात उभाच राहिला. गोदाबाईला भान आलं. तिनं पाण्याचा तांब्या सखोबाच्या हातात दिला. "पाव्हण्यांचं पाय धुवा."

सखोबानं तांब्या लांब नेऊन ठेवला. कोरडं फडकं आणलं आणि जावयाचे पाय खसाखसा पुसायला घेतले.

"मामा, पाणी?" धनंजय म्हणाला.

"नगं पाव्हणं. तुमी विजेवर आलाय."

रेवतीला हसू आवरेना. जावईही हसला. पोरगा गुणाचा होता, नाहीतर तिथूनच परत फिरता. त्यानं गाडीची वायर बोर्डाला लावली आणि सखोबाला म्हणाला, "मामा, जरा लक्ष ठेवा. ऐंशी टक्के झालं की काढून टाका. गच्च भरली की बॅटरी लवकर खराब होते."

"ठेवतो ध्यान," सखोबा म्हणाला.

दुपारी पान मांडलं. पाटाभोवती रांगोळी, पानात पाच पुरणपोळ्या, वर तुपाची धार. जावई जेवायला बसला. सखोबा समोर उभा राहून बोटं मोजत होता. चार पोळ्या संपल्या आणि त्यानं पान ओढून घेतलं.

"आवं, काय करताय?" गोदाबाई ओरडली.

"पाचातल्या चार झाल्या. ऐंशी टक्के. जावई गच्च भरला की लवकर खराब होतो."

गोदाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढत नेलं. "पाव्हण्याच्या म्होरचं पान ओढत्यात व्हय? आन् एकट्यालाच बसवलंत! एकट्याच्या घशाखाली घास उतरत न्हाई. पंगतीला चार जण बसवावं, 'सावकाश होऊ द्या' म्हणावं, तवा पाव्हणा पोटभर जेवतोय!"

"चुकलंच माझं," सखोबा म्हणाला. "पुढच्या येळेला ध्यानात ठेवतो."

तो बाहेर आला. ओसरीशी गाडी एकटीच जेवत होती. सखोबाला तिची फार दया आली.

जेवणं आटोपून सगळी आतल्या खोलीत गप्पांत रंगली होती. सखोबानं लांब वायरीचा जोडबोर्ड आणला आणि त्याच बोर्डात खुपसला. घरातली इस्त्री आणली. मिक्सर आणला. पाणी तापवायचा हीटर आणून बादलीत सोडला. शेजारच्या यमुनाकाकूंची घरघंटी ढकलत आणली. सगळ्यांना गाडीशेजारी ओळीनं पाटावर बसवलं, प्रत्येकासमोर पान ठेवलं, हात जोडले आणि म्हणाला, "सावकाश होऊ द्या."

मग त्यानं सगळी बटणं दाबली.

फट्ट झालं. मीटरपासून बोर्डापर्यंतची वायर जळाली. सगळी पंगत एकदम गप्प झाली. 'पोटं भरली,' असं म्हणून सखोबा समाधानानं आडवा झाला.

संध्याकाळी निघायच्या वेळी धनंजयनं बघितलं, तर गाडी शहर गाठण्याइतकीही भरली नव्हती. बारकू लग्नाला परगावी गेलेला. विहीणबाईंना फोन गेला. त्या इतक्या जोरात बोलल्या, की यमुनाकाकूंनाही ऐकू आलं. पण इलाज नव्हता. लेक-जावयाला राहावंच लागलं.

रेवती दोन दिवस राहिली. मायलेकींनी बोलून बोलून घसे बसवले. गोदाबाईचा चेहरा असा फुलला, की सखोबा बघतच राहिला.

"जन्मात पहिल्यांदा शाण्यावानी वागलात बगा," ती त्याला म्हणाली. "दारात विजेची गाडी आली की असंच करत जावा!"

सखोबाला आजवर कुणी शाबासकी दिली नव्हती. त्यानं ती काळजात ठेवली.

तिसऱ्या दिवशी बारकू आला. वायर बदलली, गाडी भरली, लेक-जावई वाण घेऊन निघाले. गाडी वळणाआड गेली नाही तोच दुसरी आली. आवाज नाही, धूर नाही. धाकट्या मुलाची विजेची गाडी चालवत खुद्द विहीणबाई आल्या होत्या, पोरांना न्यायला.

"गेली? मग मीही बसत नाही," त्या बसत म्हणाल्या. "गाडी तेवढी तासभर लावा. तुमच्याकडं एक रात्रसुद्धा काढायची नाही मला."

गोदाबाई चहा टाकायला आत गेली. सखोबानं बाह्या सरसावल्या. शाबासकी मिळालेलं काम. शिवाय पाहुणी मोठी, तिच्या गाडीला घरची पंगत कशी पुरणार? त्यानं गावजेवण घातलं. घराघरातून इस्त्र्या आल्या, पाण्याच्या मोटारी आल्या, देवळातला भोंगा आला, पिठाच्या गिरणीतून जाडजूड वायर आली.

"सावकाश होऊ द्या," सखोबा म्हणाला.

अख्ख्या गावाला वीज देणारी डीपीच उडाली. ती नवी यायला वेळ लागतो. गाडी इथं टाकून मी हलणार नाही, असं विहीणबाईंनी सांगून टाकलं.

रेवती दोन दिवस राहिली होती. विहीणबाई अजून आहेत.