केवड्यापाशी दुखणारा पाय

"बुवा, गेल्या रविवारी तुमचा डावा पाय दुखत होता. आज उजवा कसा?"

"आज उजवा दुखतोय."

"आणि दुखायला लागतो तो नेमका या केवड्याच्या बनापाशीच?"

गिरीबुवांनी काठीवर भार दिला आणि पाण्याकडे बघत राहिले.

विचारणारे होते तुळशीदास कांबळी. एसटीतले निवृत्त तिकीट तपासनीस. भर घाटात गाडी थांबवून घोरणाऱ्या माणसाला उठवणार आणि तिकीट मागणार, असा माणूस. नोकरी संपली, नजर तशीच राहिली. देवळात गेले तरी आधी पुजाऱ्याकडे बघतात, मग प्रसादाकडे.

गिरीबुवा म्हणजे पाण्याकाठच्या मठातले म्हातारे गोसावी. पाणी म्हणजे समुद्र आणि माडांची बाग यांच्या मध्ये अडकून पडलेलं उथळ, खारट पाणी. शहरातले त्याला लगून म्हणतात. आम्ही नुसतं पाणी म्हणतो. पाण्याची अजून तक्रार आलेली नाही.

रविवारी सकाळी बुवा माणसांना पक्षी दाखवायला नेतात. कुणाला? तर ज्यांनी कावळा आणि कोंबडी यांच्या पलीकडे काही पाहिलेलं नाही अशांना, पोराबाळांसकट. दुर्बिणीतून उलट्या बाजूने बघणारेसुद्धा चालतात. एकाने अशी उलटी दुर्बीण लावून, "बुवा, बगळा फारच लांब गेला हो," म्हणून हळहळ केली होती. बुवांनी त्याला दुरुस्त केलं नाही. म्हणाले, "येईल."

थंडीत ही फेरी पार समुद्राच्या तोंडापर्यंत जायची आणि बुवा सगळ्यांच्या पुढे. चैत्र लागला, आणि केवड्यापाशी बुवांचा पाय दुखायला लागला. बुवा लंगडले की सगळे बिचारे माघारी. म्हाताऱ्या गोसाव्याला कोण ओढत नेणार?

गावात संशय होताच. कोणी म्हणे, केवड्यापलीकडची वाळू बुवांनी हॉटेलवाल्यांना विकली. कोणी म्हणे, मठातलं जुनं सोनं तिथे पुरलंय. मला विचारलं की मी दोन्हीला मान हलवायचो. माणसांना निराश करू नये.

पण कांबळींची गोष्ट वेगळी. ते बुवांचे शिष्य. शेकाट्या, तुतवार, कुरव, सगळी नावं तोंडपाठ. पुढच्या हंगामापासून फेरी कांबळींनी न्यायची, असं बुवांनी मठात सगळ्यांदेखत सांगितलेलं. त्या दिवसापासून त्यांच्या टोपीलासुद्धा इस्त्री.

"घेईन," कांबळी तेव्हा म्हणाले होते. "पण माझ्या फेरीत खोटं चालायचं नाही. जन्मात एक खोटा शब्द बोललेलो नाही मी."

बुवा म्हणाले होते, "बघू."

तर आज केवड्यापाशी हे बघणं चाललं होतं. सोबत इचलकरंजीचे मगदूम, त्यांची बायको आणि मुलगी आर्वी. मुलगी पक्षी सोडून वाळूतल्या गोल गोल शिंपल्या टोपीत भरत होती. मी होतो, कारण फेरीनंतर मठात पोहे असतात.

कांबळी बुवांसमोर आडवे उभे राहिले. हात पुढे केला... सवयीने. त्या हातावर तिकीट ठेवावं असं मलाही क्षणभर वाटलं.

"बुवा, मी दर रविवारी लक्ष ठेवलंय. मठात तुम्ही नीट चालता. विहिरीवर नीट चालता. लंगडता ते फक्त इथे. हे सोंग आहे की नाही?"

मगदूम वहिनी म्हणाल्या, "असं काय बोलता ओ म्हाताऱ्या माणसाला? बुवा, खरंच दुखतंय न्हवं?"

"नाही," बुवा म्हणाले.

"सोंगच हाय व्हय?"

"सोंगच."

चोर इतक्या सहज कबूल झाला की पकडणाऱ्याची पंचाईत होते. कांबळींची झाली.

"मग... पलीकडे काय लपवलंय? विकलीत ना वाळू?"

बुवांनी काठी बगलेत धरली.

"बघतोच मी!"

कांबळी केवड्याला वळसा घालून मोकळ्या वाळूवर उतरले. मगदूम मंडळी त्यांच्या मागे. मी मगदूम मंडळींच्या मागे. बुवा जागीच राहिले, काठी बगलेत धरून, दोन्ही पायांवर सरळ.

समोर काय? वाळू. ऊन. पलीकडे समुद्र. हॉटेल नाही, सोनं नाही, साधी खुंटीसुद्धा नाही.

कांबळींच्या तोंडाची चव गेली.

इतक्यात त्यांच्या पायापुढून काहीतरी सरपटलं. मुठीएवढी, वाळूच्याच रंगाची चिखल्या पक्ष्याची मादी. एक पंख लोंबत होता. तो ओढत ओढत ती जायची, कोलमडायची, चिर्र करायची, परत ओढत जायची.

"बघा!" कांबळी गरजले. "बघा सगळ्यांनी! पंख मोडलेलं पाखरू! हे लपवलं होतं बुवांनी! त्याला मरायला सोडलंय, आणि आम्हाला पक्ष्यांवर प्रेम करा म्हणून सांगतात!"

"अरारारा," मगदूम वहिनी म्हणाल्या.

मगदूमांनी फोन काढला.

कांबळींनी टोपी हातात घेतली. इस्त्रीची. तिच्यात पाखराला अलगद घ्यायचं, मठात न्यायचं, हळद लावायची. ते वाकले. पाखरू दोन हात पुढे. ते धावले. पाखरू चार हात पुढे, पंख आणखी लोंबता.

तापाने फणफणलेल्या उतारूचा शब्द ज्याने कधी खरा मानला नाही, त्या माणसाने त्या पंखावर विश्वास टाकला, आणि तोही टोपी पुढे करून.

मला ठाऊक होतं? होतं की. मला कुणी विचारलं का?

पाण्याच्या कडेकडेने वरात निघाली. पुढे पाखरू, मागे कांबळी, त्यांच्या मागे फोन धरलेले मगदूम, वहिनी, शिंपल्यांची टोपी सांभाळत आर्वी, शेवटी मी. पार खडकांपर्यंत.

खडकावर शेवाळ. कांबळींचा पाय फटीत गेला, देह पुढे गेला. घोटा मुरगळला आणि ते बदकन चिखलात बसले.

पाखरू उडालं.

दोन्ही पंख शाबूत. एक गिरकी घेतली, चिर्र केलं आणि मागे गेलं.

"फसवलं की ओ पाखरानं," मगदूम म्हणाले.

"आई गं... माझा पाय..." कांबळी म्हणाले.

मगदूम नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं.

"आता ह्यांचं चालू झालं."

"कुठला पाय ओ साहेब? डावा का उजवा?"

"अहो, खरंच मुरगळलाय!"

"बुवांनी पण तसंच सांगितलं होतं. गाव नाटकी हाय सगळं. चल गं आर्वे."

आणि मंडळी परत निघाली. आली होती पाण्याच्या कडेने, वळणावळणाने. जाताना कोण वळणं घेतो? सरळ, कोरड्या वाळूवरून, केवड्याची दिशा धरून. आर्वी सगळ्यांच्या पुढे, खाली बघत, गोल गोल शिंपल्या शोधत.

कांबळी चिखलात बसलेले. म्हणून त्यांची नजर वाळूला लागून होती. उभ्या माणसाला जे दिसत नाही ते त्यांना दिसलं.

ती चिखल्याची मादी वाळूवर उतरली. चार पावलं पळाली, थांबली. परत पळाली, थांबली. मग पिसं फुलवून एका जागी बसायला वाकली. तिच्या पोटाखाली वाळूच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची अंडी. खड्डा म्हणावा तर टाच टेकवल्याएवढा. कुंपण नाही, काडी नाही.

आर्वीच्या वाटेवर. बरोबर वाटेवर.

कांबळींनी तोंड उघडलं.

"अं..."

...आणि मिटलं.

कारण मगदूमांचा फोन अजून हातातच होता. मोडक्या पंखामागे ही माणसं जशी धावली, तशीच अंडी म्हटल्यावर धावली असती. आर्वीची टोपी सगळ्यात आधी. वर घार फिरत होती, तिलाही गर्दी कुठे जमते ते बघायचंच होतं.

कांबळींनी केवड्याकडे पाहिलं. बुवा लांबून त्यांच्याकडेच बघत होते.

मग तुळशीदास कांबळींनी काय केलं? लोळण घेतली. चिखलात. दोन्ही पाय झाडले, दुखरा आणि बरा.

"मेलंय गे आये! पाय गेलो माझो! कोणीतरी येवा रे!"

घाटात ज्यांच्या आवाजाने ड्रायव्हर ब्रेक दाबायचे, तो आवाज.

मगदूम थांबले. "बघू नकोस तिकडं," बायकोला म्हणाले. "बघितलं की जास्त करतात."

"येवा रे! मरतंय!"

आर्वी वळून हसायला लागली. टोपी हलली, दोन शिंपल्या पडल्या. तिच्या पुढच्या पाचदहा पावलांवर ती मादी वाळूला चिकटून, मान खाली घालून बसली होती.

कांबळी आता छाती बडवत होते. तोंडात चिखल, डोळ्यांत पाणी. त्यातलं खरं किती आणि वरचं किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

शेवटी मगदूम वहिनींनी पदर खोचला.

"चला ओ, उचलूया."

"अगं, खोटं हाय ते!"

"खोटं असलं म्हणून काय झालं? एवढं ओरडतोय माणूस. घसा तरी दुखत असंल न्हवं?"

मंडळी माघारी फिरली. मगदूमांनी एक काख धरली, मी दुसरी. भला वजनदार माणूस, आणि अंगभर चिखल.

"वाळूवरून नको," कांबळी कण्हत म्हणाले. "वाळूत पाय रुततो. वरच्या सुरूच्या झाडांतून न्या."

"हौस बघा ह्यांची," मगदूम म्हणाले. पण सुरूच्या झाडांतूनच नेलं. लांबच्या वळशाने, ठेचकाळत.

केवड्यापाशी बुवा होते तसेच उभे.

वहिनींनी हात झटकले. "काय होतं ओ तिकडं शेवटी? एवढं ओरडून गेलासा, काहीतरी दिसलं असंल की."

कांबळींनी बुवांकडे पाहिलं. बुवा आभाळाकडे बघत होते.

"काही नाही," कांबळी म्हणाले. "नुसती वाळू."

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघायला फार वेळ लागला. पहिलंच होतं ना.

"पुढच्या वर्षीपासून हेच फिरवणार म्हणे," मगदूम बायकोला म्हणाले, ऐकू जाईल असं. "आपण काय येत न्हाई बघ. त्या बुवानं विचारल्यावर खरं तरी सांगितलं. ह्या माणसाचा भरवसा न्हाई."

मंडळी पोह्यांच्या वासाने पुढे निघून गेली. मागे राहिलो आम्ही तिघे.

"बुवा..."

"हं."

"गावभर होईल आता. कांबळी सोंगाड्या म्हणून."

"होईल."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी घारीकडे बघत होतो.

कांबळी खाली बसले. घोटा टम्म सुजला होता, पण एवढ्या चिखलात सूज कुणाला दिसते?

"पण बुवा, माझा पाय खरोखर मुरगळलाय. देवाशपथ. बाकी कुणी नाही मानलं तरी चालेल... तुम्ही तरी मानता ना?"

बुवा वाकले. घोट्याकडे पाहिलंच नाही. केवड्याची पाती बाजूला सारून बराच वेळ वाळूकडे बघत राहिले. म्हातारे डोळे, लांबचं नीट दिसेना.

"ती परत बसली?"

"बसली."

"मग दुखतोय तुझा पाय."