धुक्याचा शेला

एका राज्यात राजा हळूहळू दगड होत होता. जादूगाराच्या शापाने आधी पावले गेली, मग गुडघे, मग कंबर. धुक्याच्या सुताचा शेला खांद्यावर पडला तरच तो सुटणार होता. दगड छातीशी पोचला, की सारे संपले.

राजाच्या विणकरशाळेत केतकी शेल्याचे काठ विणी आणि दुर्वा मधले साधे अंग. काठवालीचा मान मोठा. खिडकीला पाठ करून बसायची जागा तिची, डोक्यावरचा मोरपिसांचा तुराही तिचाच. पण रोज दिवस मावळताना शेला काठाच्या सांध्यात उसवे आणि त्याचे पुन्हा धुके होई.

"तुझी वीण सैल आहे, बाई," केतकी म्हणे.

"आणि तुझा तोरा घट्ट," दुर्वा मान वर न करता म्हणे.

एके सकाळी खिडकीत भारद्वाज येऊन बसला. "केतकी, तीन कामे कर," तो म्हणाला. "शेला टिकेल."

पहिले काम, तळ्यावरून धुक्याचे सूत न तोडता ओढायचे. केतकीने श्वास रोखून ओढले. दुसरे, झोपलेल्या मोराकडून निळा रंग मागायचा. मोराने तो स्वप्नातच दिला.

"तिसरे सोपे," पक्षी म्हणाला. "दुर्वाशी जागा बदल."

केतकी हसतच जाऊन बसली. तुरा दुर्वाच्या डोक्यावर गेला. आणि मागावर सावली पसरली, पाठीची नि तुऱ्याची. केतकीला धागा दिसेना. ती चाचपत राहिली. सांधा हातून निसटला.

"दुर्वा, जरा सरक ना. उजेड अडतोय."

"मी रोज हेच म्हणायचे गं. तू म्हणायचीस, कुरकुरू नकोस."

केतकीचे कान तापले. ती उठून शाळेच्या मुख्याकडे, भानुदत्तांकडे गेली. "काका, माग फिरवा. खिडकी दोघींच्या डाव्या हाताला येऊ दे."

"पिढ्यान्‌पिढ्या माग असाच आहे, पोरी!"

"मग महाराजही असेच राहतील."

माग फिरला. तुरा खुंटीला लागला. दोघींनी सांधा मिळून घातला. सूर्य मावळला, शेला मात्र राहिला.

तो खांद्यावर पडताच दगड दवासारखा ओघळून गेला. राजाने पाऊल टाकले. "कोणी विणला?"

केतकीने दुर्वाचा हात धरून तिला पुढे आणले.

खुंटीवरच्या तुऱ्यात पुढे चिमणीने घरटे केले. त्या दोघींच्या हातांवर पडला, तसा उजेड साऱ्यांच्या हातांवर पडो.